सावित्री : महाबळेश्वर ते बाणकोट

बुलढाणा शहर ज्या डोंगरमाथ्यावर वसले आहे, तेथे पडणाऱ्या पावसाची वाटणी विलक्षण आहे. माथ्याच्या एका अंगाचे पाणी पैनगंगेत जाते आणि मेहकरकडून पुढे वाहत, वर्धा, प्राणहिता व गोदावरी यांच्या सोबतीने बंगालच्या उपसागराला मिळते. दुसऱ्या अंगाचे पाणी नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा अशा नद्यांमधून घाट उतरून उत्तरेकडील पूर्णेत, तेथून चांगदेवजवळ तापीत आणि अखेर सुरतेच्या पुढे अरबी समुद्रात जाते. (आपल्या जिल्ह्यात पूर्णा दोन आहेत. दक्षिणेकडील खडकपूर्णा ही गोदावरीच्या कुळातील. हे मी दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी उत्तरपत्रिकांमध्ये दोघींचा संगम झालेला आढळतो.) दोन्ही वाटा शेकडो किलोमीटरच्या. आपल्या अंगणातील थेंब समुद्राला मिळाला की नाही, हे पाहण्यास कोणी जाऊ शकत नाही.

काही वर्षांपूर्वी नववीच्या वर्गात हा भाग शिकवीत असताना एका विद्यार्थ्याने विचारले, ‘‘सर, उगमापासून समुद्रापर्यंत एकाच सहलीत पाहता येईल, अशी नदी आपल्या महाराष्ट्रात आहे काय?’’ वस्तुतः मी इतिहासाचा शिक्षक. भूगोलाचा तास त्या वर्षी माझ्याकडे नाइलाजाने आला होता. तरीही उत्तर देण्यास मला विचार करावा लागला नाही. मी फळ्यावर लिहिले : सावित्री. पाठ्यपुस्तकात कोकणातील नद्यांच्या यादीत या नदीच्या वाट्याला एखादे वाक्य येते. आपल्या समाजातील प्रत्येक घरात महाडचे नाव आहे, चवदार तळ्याचे चित्र आहे; परंतु महाड ज्या नदीच्या काठी आहे तिचे नाव विचारले, तर दहांपैकी आठ माणसे थांबतात. पुढे मार्च महिन्यात आम्ही मुलांना घेऊन पुणे-वाईमार्गे महाबळेश्वरास गेलो आणि तेथून नदीबरोबर खाली उतरत बाणकोटपर्यंत पोहोचलो. त्या अभ्यासाचे हे टिपण आहे.

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे. जुन्या महाबळेश्वरातील पंचगंगा मंदिरात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम एकत्र दाखवितात. नावांमागे पुराणकथा आहे आणि ती तेथील मार्गदर्शक रंगवून सांगतो. मुलांना मात्र मी कड्याचा दगड पाहावयास लावला. या पठारावर तांबूस, सच्छिद्र जांभा दगडाचा थर आहे आणि त्याखाली काळा कातळ आहे. पावसाचे पाणी जांभ्यात मुरते, कातळाशी अडते आणि दोहोंच्या सांध्यातून झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. म्हणूनच एवढ्या उंचीवर उन्हाळ्यातही झरे जिवंत राहतात. सावित्री हे नाव ऐकले की आपल्याला ज्या सावित्रीमाई आठवतात, त्यांचा या नदीच्या नावाशी संबंध नाही; तरी मुलींनी तो जोडला आणि मी त्यांना अडविले नाही.

आर्थर सीट नावाच्या कड्यावरून सावित्रीचे खोरे एका दृष्टिक्षेपात दिसते. येथे उभे राहिल्यावर जलविभाजक म्हणजे काय, हे पुन्हा समजावून सांगावे लागत नाही. पाठीमागे उतरणारी कृष्णा सुमारे १,४०० किलोमीटर चालून आंध्रच्या किनाऱ्यावर समुद्राला मिळते. पुढ्यात कोसळणारी सावित्री वळणे धरूनही शंभर किलोमीटरच्या आसपास प्रवास करते. सरळ रेषेत तर कड्यापासून समुद्र अवघ्या पासष्ट किलोमीटरवर आहे. एकाच डोंगराच्या या दोन लेकी आहेत. सह्याद्रीचा माथा पश्चिम किनाऱ्याला लगटून असल्यामुळे कोकणच्या नद्या आखूड आणि तीव्र उताराच्या झाल्या. त्यात पावसाचे मान पाहा. आपल्याकडे वर्षाला आठशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस पडतो. महाबळेश्वरी तो साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पडतो आणि त्यातील बहुतेक चार महिन्यांतच. एवढे पाणी एवढ्या थोड्या अंतरात खाली उतरते, ही एक गोष्ट लक्षात ठेवली म्हणजे सावित्रीच्या खोऱ्यातील अर्धा इतिहास समजतो.

नदीने कड्यावरून घेतलेली उडी माणसाला घेता येत नाही. आम्ही आंबेनळी घाटाने, प्रतापगडाला वळसा घालून पोलादपुरास उतरलो. घाट संपतो आणि नदीचा स्वभाव पालटतो. गोटे मागे पडतात, पात्र रुंदावते, काठावर भातखाचरे दिसू लागतात. मार्च महिन्यात ती इतकी शांत होती, की मुलांना पुढची हकीकत खरी वाटेना.

महाडजवळ मुंबई-गोवा महामार्गावर सावित्रीवर दगडी कमानींचा एक पूल होता. तो १९२८ साली बांधलेला होता. २ ऑगस्ट २०१६ रोजी रात्री महापुरात तो कोसळला. अंधारात पुढचा रस्ता नाहीसा झाला आहे हे चालकांना कळण्याचा मार्गच नव्हता; राज्य परिवहन महामंडळाच्या दोन गाड्या आणि काही खाजगी वाहने एकामागून एक प्रवाहात गेली. काही मृतदेह दूर समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून गेलेले आढळले. डोंगर ते समुद्र हे अंतर किती थोडे आहे, याचा हा सर्वांत दुःखद पुरावा होय. नवा पूल १६५ दिवसांत उभारण्यात आला आणि जून २०१७ मध्ये वाहतुकीस खुला झाला. आमची बस त्यावरून गेली तेव्हा मुले उभी राहून खाली पाहत होती. मी त्यांना बसावयास सांगितले नाही.

महाड शहर येथेच का वसले, हा प्रश्न मी मुलांना विचारला होता. उत्तर नदीपेक्षा समुद्रात अधिक आहे. समुद्राची भरती बाणकोटच्या मुखातून आत शिरते आणि नदीच्या पात्रातून चढत महाडपर्यंत येते. नदीचा असा भरती-ओहोटीचा भाग म्हणजे खाडी. आपल्या वऱ्हाडातील माणसाला ही कल्पना चटकन पटत नाही, कारण आपल्या नद्या एकाच दिशेने वाहतात. खाडीत पाणी दिवसातून दोनदा उलटे वाहते. भरतीबरोबर गलबते महाडपर्यंत येत, तेथे माल उतरे आणि बैलांच्या पाठीवरून वरंधा घाटाने देशावर चढे. जेथे नाव थांबते आणि बैल सुरू होतो, तेथे बाजार वसतो. रायगड किल्ला येथून जवळच, उत्तरेस आहे. राजधानीलाही समुद्राकडची ही वाट उपयोगी पडली असणारच.

भरतीमुळेच महाडचा पूरही समजतो. येथे गांधारी नदी सावित्रीला मिळते आणि थोडे पुढे दासगावच्या बाजूस काळ नदी येऊन मिळते. वरून तीन नद्यांचे लोट आणि खालून समुद्राची भरती एकाच वेळी आली, की पाण्याला जाण्यास जागाच उरत नाही. ते बाजारपेठेत शिरते. २२ जुलै २०२१ रोजी असेच झाले. त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळीये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याआधी जुलै २००५ मध्ये जुई, दासगाव, रोहन आणि कोंडिवते या गावांवर दरडी आल्या होत्या.

गांधारीच्या काठी, शहरापासून पायी जाण्याइतक्या अंतरावर गांधारपाले गावाच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत. गावकरी त्यांना पांडवलेणी म्हणतात. पांडवांना महाराष्ट्रात जेवढी लेणी बहाल झाली आहेत, तेवढी त्यांना वनवासात खोदावयाची असती तर वनवास पुरला नसता. येथे सुमारे तीस लेणी आहेत. एका ब्राह्मी शिलालेखात विष्णुपालित नावाच्या कुमाराच्या दानाची नोंद आहे. त्याने काय दिले, याची यादी वाचण्यासारखी आहे : लेणे, चैत्यगृह, आठ खोल्या, लेण्याच्या दोन्ही बाजूंस पाण्याच्या दोन पोढी आणि येण्याजाण्याची वाट. पोढी म्हणजे कातळात खोदलेले पाण्याचे टाके. पायथ्याशी दोन नद्या वाहत असताना डोंगरावर पाणी साठविण्याची तजवीज करावी लागली. आणि दात्याने ती खोल्यांच्या, चैत्याच्या बरोबरीने दानात मोजली. मुलांनी त्या कातळात वाकून पाहिले. मार्च असूनही एका टाक्यात पाणी होते. लेण्याच्या ओसरीत उभे राहिले की खाली नदीचे वळण आणि महाड शहर दिसते, आणि त्या शहरात कोठेतरी चवदार तळे आहे.

नदीकाठच्या गावाला तळ्याची आवश्यकता का भासली? हा प्रश्न एरवी कोणी विचारीत नाही, आणि माझ्या मते तोच विचारला पाहिजे. खाडीचे पाणी मचूळ. पावसाळ्यात नदीला गोडे पाणी मुबलक असते, पण ते गढूळ आणि धोक्याचे. उन्हाळ्यात वरचा प्रवाह क्षीण होतो आणि खालून खारे पाणी चढते. अशा गावात गोड्या पाण्याचे तळे हीच खरी संपत्ती. चवदार तळे चार-पाच एकरांचे, बहुतांशी नैसर्गिक. पावसाच्या ओघळांवर आणि काही झऱ्यांवर भरणारे. भोवती घरे, कडेने नगरपालिकेचा रस्ता. पाण्याच्या नगरीत पिण्याचे पाणी एका ठिकाणी एकवटले होते, म्हणून त्याच्या पायऱ्यांवर कोणी उतरावे यावर एवढे रण माजले.

पुढील तारखा या स्मरणिकेच्या वाचकांना पाठ आहेत, तरी अनुक्रमासाठी सांगतो. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव संमत झाला. ५ जानेवारी १९२४ रोजी महाड नगरपालिकेने तळे सर्वांस खुले असल्याचा ठराव केला. कागदावरील या ठरावानंतर तीन वर्षे कोणी पाण्यास हात लावू शकले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली परिषदेचे प्रतिनिधी तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर त्यांच्यावर हल्ले झाले. तळ्याचे ‘शुद्धीकरण’ १०८ घागरी पाणी उपसून आणि त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही मिसळून करण्यात आले. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. मुलांपैकी एकाने तेव्हा फार साधे गणित मांडले : चार-पाच एकरांच्या तळ्यातून १०८ घागरी काढल्या तर पाणी किती बोटे उतरते? आम्ही ते करून पाहिले. बोटाच्या मापात उत्तर येतच नाही.

महाडहून नदीबरोबर काही किलोमीटर खाली गेले की दासगाव येते. आमच्या बसमधील वडीलधाऱ्यांनाही हे गाव ठाऊक नव्हते, म्हणून येथे मी सर्वांत अधिक वेळ घेतला. महाडपर्यंत लहान होड्या जात. मोठ्या बोटींचे बंदर दासगाव. सत्याग्रहासाठी डिसेंबर १९२७ मध्ये दुसरी परिषद ठरली तेव्हा बाबासाहेब मुंबईहून रस्त्याने आले नाहीत. २४ डिसेंबरला ते सहकाऱ्यांसह ‘पद्मावती’ बोटीने समुद्रमार्गे निघाले, सावित्रीच्या मुखाजवळील हरिहरेश्वरास आले आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बोटीने खाडीतून वर येऊन दुपारी साडेबाराच्या सुमारास दासगावच्या धक्क्यावर उतरले. तेथे तीन हजारांहून अधिक सत्याग्रही त्यांची वाट पाहत होते. तेथून सुमारे पाच मैल सर्व जण रांगेने चालत महाडला गेले. आपण नदीचा प्रवास वरून खाली सांगतो. आपल्या इतिहासातील सावित्रीचा सर्वांत मोलाचा प्रवास खालून वर झाला आहे.

दासगाव हे स्थळ केवळ बोटीच्या सोयीमुळे महत्त्वाचे नव्हे. या खोऱ्यातील गावांमध्ये लष्करातून निवृत्त झालेल्या महार सैनिकांची घरे होती. लिहिता-वाचता येणारी, जगाचा अनुभव घेतलेली आणि दरमहा निवृत्तिवेतन मिळत असल्यामुळे गावाच्या मेहेरबानीवर न जगणारी ही माणसे होती. महाडजवळील रावढळचे गोपाळबाबा वलंगकर त्यांपैकीच. त्यांनी १८८८ साली ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका लिहिली आणि पुढे १८९५ मध्ये महाडच्या लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली. परिषदेसाठी महाडच का निवडले गेले, याचे उत्तर या सैनिकी घरांत दडलेले आहे. आपल्याकडील लिखाणात नेत्याचे नाव येते आणि जमीन तयार करणारी माणसे सुटून जातात, ही माझी जुनी तक्रार आहे.

महाडात सत्याग्रहींना मंडपासाठी जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थांनी आपली जागा दिली. २५ डिसेंबरच्या रात्री तेथे मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्याचे पाणी मात्र त्या वेळी कोणी प्याले नाही. विरोधकांनी आधीच न्यायालयात दावा लावून १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम मिळविला होता. बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब करावयास लावला आणि हजारो माणसे तळ्याभोवती मिरवणुकीने फिरून परतली. एवढ्या दूर येऊन, पाण्याच्या कडेने फिरून, तहानलेले परत जाणे : माझ्या दृष्टीने हा प्रसंग २० मार्चपेक्षा कमी कठीण नव्हता.

दावा दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि वाडिया यांनी निकाल दिला आणि तो आपल्या बाजूने लागला. परंतु विद्यार्थ्यांनी हा निकाल नीट समजून घ्यावा. माणसे समान आहेत म्हणून पाणी सर्वांचे, असे न्यायालयाने म्हटले नाही. वादींनी सांगितलेली रूढी अनादिकालापासून चालत आल्याचे त्यांना सिद्ध करता आले नाही, म्हणून ते हरले. ती रूढी पुरेशी जुनी असल्याचा पुरावा त्यांना मिळाला असता तर काय झाले असते, हा प्रश्न त्या निकालपत्राच्या पलीकडे उरतो. त्याचे उत्तर राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात आहे. विहिरी, तळी, स्नानघाट हे शब्द तेथे नावानिशी आलेले आहेत.

दासगाव सोडले की नदी नदी राहत नाही, खाडीच होते. पाण्याला मचूळ वास येतो, काठाला खारफुटी लागते. डाव्या तीरावर रत्नागिरी जिल्हा, उजव्या तीरावर रायगड. सावित्रीच सीमा झालेली असते. आंबेत आणि म्हाप्रळ ही गावे समोरासमोर असून मध्ये पूल आहे. म्हाप्रळ मंडणगड तालुक्यात येते आणि याच तालुक्यात आंबडवे, म्हणजे बाबासाहेबांचे मूळ गाव आहे. १९२७ च्या त्या डिसेंबरात बोट खाडीतून वर सरकत असताना त्यांच्या पूर्वजांचा तालुका उजव्या हाताला होता. नकाशावर हे बोटाने दाखविले तेव्हा बसमध्ये काही क्षण कोणी बोलले नाही.

खाडीचे वर्णन येथे गोड करून संपविता आले असते. परंतु महाडच्या औद्योगिक वसाहतीतील रासायनिक कारखान्यांचे सांडपाणी याच पाण्यात येते आणि मासे कमी झाल्याची कोळी-भोई बांधवांची तक्रार अनेक वर्षांची आहे. पाण्याला स्पर्श कोणी करावा हा जुना वाद मिटला. स्पर्श करण्याजोगे पाणी उरेल काय, हा नवा आहे. महाडच्या पात्रात अजून मगरी आहेत, हे ऐकून मुलांना जो आनंद झाला तो मात्र मला कोणत्याही शिलालेखाने देता आला नव्हता.

मुखाच्या दक्षिणेस बाणकोटचा लहानसा किल्ला आहे. १७५६ साली तो इंग्रजांकडे गेला आणि त्यांनी त्याचे नाव फोर्ट व्हिक्टोरिया ठेवले. पेशवाई बुडण्यापूर्वी साठ वर्षांहून अधिक काळ या खाडीच्या तोंडाशी कंपनीचे ठाणे होते. कोकणातील महार तरुण मुंबई लष्करात लवकर व मोठ्या संख्येने का गेले, याचा विचार करताना हे ठाणे नजरेआड करू नये. जवळच वेळास हे नाना फडणविसांचे गाव. तेथील वाळूत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालण्यास येतात. समोर उत्तरेस हरिहरेश्वर.

वेसवीहून बागमांडल्यास आम्ही फेरीबोटीने गेलो, बससकट. मुलांनी पाण्यात हात घालून जिभेला लावला आणि तोंडे वेडीवाकडी केली. महाबळेश्वरच्या झऱ्यावर भरलेली बाटली दोघा-तिघांनी मुखाशी ओतण्यासाठी जपून आणली होती. ती पोलादपूरच्या उन्हातच कोणीतरी पिऊन टाकल्याचे येथे उघडकीस आले. तिकिटे देणाऱ्या खलाशाने, ‘‘कुठली पोरं?’’ म्हणून विचारले. बुलढाणा म्हटल्यावर तो हसला आणि म्हणाला, ‘‘लांबून आलात. तुमच्याकडं नदी कुठली?’’ अर्ध्या मुलांनी पैनगंगा सांगितले, अर्ध्यांनी नळगंगा. आणि बागमांडला येईपर्यंत त्यांचे भांडण चालू होते.